सी ड्राइव्ह आणि नावातला न

मला शुद्धलेखनाचा रोग आहे. रोगच म्हणायचा, कारण त्याला औषध नाही. एसटीत बसले तरी खिडकीतून दुकानांच्या पाट्या दुरुस्त करत जाते. मोखाड्याच्या डोंगरात, सूर्यमाळेच्या अंगाला असलेल्या आमच्या शाळेत माझी सगळी नोकरी गेली, आणि आता मुख्याध्यापिका म्हणून शेवटची वर्षं चालली आहेत. आमच्याकडची पोरं ‘ण’ला ‘न’ म्हणतात. घरची बोलीच तशी. पानी, लोनी, कोन. मी एकेक ‘न’ मानगूट धरून पकडला आणि त्याचा ‘ण’ केला. ह्याचा मला भारी अभिमान होता.

पण सांगायचंय ते रोगाबद्दल नाही, शाळेच्या संगणकाबद्दल. निदान सुरुवातीला मला तसंच वाटत होतं.

शाळेत नाव घातलं की मुलाचं नाव, जन्मतारीख, जात हे सगळं ज्या जाडजूड वहीत लिहितात, ते जनरल रजिस्टर. आमच्या पाड्यांवर जुन्या माणसांच्या जन्माचा दुसरा कागदच नसतो. आजोबा शाळेत दोन वर्षं आले आणि गुरं राखायला गेले, तरी त्यांच्या नावाची ती एक ओळ नातवंडांना जातपडताळणीला कामी येते. दोन दिवाळीच्या सुट्ट्या घालून मी त्या जुन्या रजिस्टरचं पान न् पान स्कॅन केलं. केलं ते बरंच झालं, कारण पुढच्याच पावसाळ्यात कपाटाला वाळवी लागली आणि वहीचा भुगा झाला. पंचनामा झाला. स्कॅनवरून उतारे द्यावेत असं वरून लेखी आलं. म्हणजे आता शाळेच्या संगणकावरचा एक फोल्डर, एवढीच काय ती सगळ्या पाड्यांची लेखी ओळख उरली होती. एकच प्रत. हो, एकच. माहीत आहे मला, नका सांगू.

आता माझा शहाणपणा ऐका. संगणकाच्या प्रत्येक प्रशिक्षणात आम्हाला एक मंत्र दिलेला असतो. सी ड्राइव्हमध्ये काही ठेवू नका, फॉरमॅट मारला की सीमधलं जातं आणि डीमधलं राहतं. हा मंत्र मला पाठ होता. पण डेस्कटॉपवर ठेवलेलं सगळं सीमध्येच असतं, हे कोणी सांगितलं नव्हतं. ते एका सोमवारी शेजारच्या शाळेतल्या एका गुरुजींनी चहा पिता पिता सांगितलं, आणि मी माझा चहा तसाच टाकून उठले. फोल्डर डीमध्ये हलवावा तर डी स्नेहसंमेलनाच्या व्हिडिओंनी ठासून भरलेला. मग मला सुचलं. सीमधलं जातं, डीमधलं राहतं, बरोबर? तर मग सीचंच नाव डी ठेवलं तर?

हसा. मी तेव्हा हसले नाही, स्वतःवर खूश झाले.

जुन्या डीचं नाव ई केलं, ते मशीनने मुकाट्याने ऐकलं. सीला हात लावला तर मात्र स्वच्छ नकार. ह्या ड्राइव्हचं अक्षर बदलता येणार नाही. मला कोणी नाही म्हटलं की माझं डोकं फिरतं, मग तो माणूस असो की मशीन. मोबाइलवर एक व्हिडिओ सापडला. त्यातला पोरगा म्हणत होता की रजिस्ट्रीत जाऊन अक्षर बदला. रजिस्ट्री म्हणजे रजिस्टरच की, म्हटलं, हा तर आपला प्रांत. त्याने दाखवलं तसं एक अक्षर पुसलं, तिथे दुसरं लिहिलं. जन्मभर दुसरं काय केलं होतं मी?

मशीन बंद करून चालू केलं. पासवर्ड मागितला, दिला. स्वागत आहे म्हणालं, आणि परत पासवर्ड मागू लागलं. पुन्हा दिला, पुन्हा स्वागत, पुन्हा पासवर्ड. उंबऱ्यावर या या म्हणायचं आणि दार लावून घ्यायचं, असा प्रकार. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तो मंगळवार. आणि शुक्रवारी सूर्यमाळेकडच्या एका पाड्यावरून एक बाप येणार होता. त्याच्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळत होता. तिच्या आजोबांच्या नोंदीचा उतारा जोडायचा होता आणि कागद द्यायची मुदत शनिवारी संपत होती. त्या घरातली बारावीच्या पुढे गेलेली ती पहिलीच पोरगी. मोखाड्यातल्या एका दुरुस्तीवाल्याला फोन केला, तर तो म्हणाला, ‘काय नाय बाई, फॉरमॅट मारतो, नवी करून देतो.’ मी फोनच कापला.

मग आठवली ती जव्हारची माझी विद्यार्थिनी. एसटी स्टँडजवळ एका जिन्याखाली तिचं संगणकाचं दुकान आहे. दुकान काढलं तेव्हा तिने मला मुद्दाम बोलावलं होतं. पाटीवर स्वतःचं नाव मोठ्या अक्षरात, आणि त्या नावात ‘ण’च्या जागी ठसठशीत ‘न’. पेढा तोंडात टाकायच्या आधी मी म्हणाले होते, ‘अगं, स्वतःचं नाव तरी शुद्ध लिही.’ ती नुसती हसली होती. पाटी तशीच राहिली.

बुधवारी मशीन गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतलं आणि सकाळच्या गाडीत बसले. कंडक्टर ओळखीचा. वाकून गोधडीत बघत म्हणाला, ‘बाई, किती महिन्यांचं?’ मी म्हटलं, ‘आठ वर्षांचं आहे आणि घरात घेत नाही मला.’ त्याने माझं एकटीचंच तिकीट फाडलं.

तिने मशीन घेतलं, पण लगेच चालू नाही केलं. समोर फॉर्म भरायला आलेली चारपाच माणसं होती, त्यांना थांबा म्हणाली. मग मला स्टूल दिलं आणि म्हणाली, ‘बाई, काय काय केलंत ते पयल्यापासून सांगा. कायपन सोडू नका.’ मी सांगितलं. मध्ये एकदाही ती बोलली नाही, की तोंड वाकडं केलं नाही. मीच किती पोरांना वाक्य पुरं व्हायच्या आत गप्प बसवलंय, ते मला त्या स्टुलावर बसल्या बसल्या आठवत होतं. ऐकता ऐकता ब्रशने ती मशीनच्या जाळीतली धूळ काढत होती.

‘फाइली गेल्या का गं?’ मी विचारलं.

‘फाइली कुठं जातात? बघू.’

तिने आपला पेनड्राइव्ह लावून मशीन त्याच्यावर चालू केलं. काळा पडदा आला, पांढरी अक्षरं. तिने सी उघडला. आत काहीही नाही. ‘नाही गं त्यात काही,’ म्हटलं. ती म्हणाली, ‘हितून बघितलं की नावं येगली दिसतात, बाई. नावाला भुलायचं नाय. आत काय हाय ते बघायचं.’ मग डी उघडला, मग ई. ईमध्ये माझा फोल्डर होता, सगळ्या पानांच्या नावांसकट. मी डोळ्यांना पदर लावला. लावला तर लावला, लाज कसली?

आधी तिने त्या फोल्डरची नक्कल करून बाजूला ठेवली. म्हटलं, झालं की मग, आता मार फॉरमॅट. तर मान हलवून म्हणाली, ‘एका अक्षरासाठी घर कशाला पाडायचं? तुमचं समदं बसवलेलं हाय यात.’ आणि मशीनच्या पोटातली रजिस्ट्री बाहेरून उघडून बसली. बदलायच्या आधी जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर, काय कुठे होतं ते पेन्सिलीने उतरून घेतलं. चुकीवर गिरवायचं नाही, आडवी रेघ मारून शेजारी बरोबर लिहायचं, ही माझी शिकवण. त्या पानावर ‘डी’वर आडवी रेघ होती आणि शेजारी ‘सी’. तिचं ते स्वच्छ, बिनघाईचं काम बघताना मला जे वाटलं ते सांगून टाकते. आपण शिकवलेलं मूल आपल्यापुढे गेलेलं डोळ्यांनी बघणं, ह्यापरतं सुख मास्तरकीत नाही.

‘मला एक सांग,’ मी म्हटलं, ‘अक्षर तर एकच बदललं. वस्तू जागच्या जागी आहेत. मग आत का घेत नव्हतं?’

ती स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाली, ‘तुम्ही रजिस्टरात नाव बदललं, बाई. पन आतल्या समद्यांना जुनंच नाव माहीत. जो तो सीला शोधतो, सी तर कोनीच नाय. मग म्हनतात, जा परत.’

मशीन चालू झालं. पासवर्ड, स्वागत, आणि माझा डेस्कटॉप. फोल्डर होता तिथेच. पानं उघडतात का बघायला तिने मध्येच कुठलंसं पान उघडलं, मग पुढे सरकत गेली, आणि एका पानावर थांबली. अक्षर माझं. पहिलीचा वर्ग माझ्याकडे होता त्या वर्षीचं पान. वरून सातवी ओळ तिची. नावात सुबक, गोलाकार ‘ण’.

‘ह्यो बघा,’ ती म्हणाली. ‘माझी आजी आली होती नाव घालायला. तिनं सांगितलं तसं ग्रामपंचायतीत हाय, रेशनकार्डावर हाय, बाच्या कागदावर हाय. हितंच तेवढं येगलं.’

तिचं नाव सरकारी कचेरीतल्या संगणक ऑपरेटरच्या जागेसाठी यादीत लागलं होतं, हे मला माहीत होतं. पुढे काय झालं, ते मी कधी विचारलं नव्हतं. कागद तपासताना शाळेचं नाव आणि घरचं नाव जुळलं नाही. आधी दुरुस्त करून या म्हणाले. ती दुरुस्त करून गेली तोवर यादी बंद झाली होती. हे ती मला सांगत होती ते तक्रार म्हणून नाही, मशीनला काय झालं होतं ते सांगावं तसं.

‘अगं मग माझ्याकडे यायचंस ना,’ मी म्हटलं, आणि जरा चढ्याच आवाजात.

‘आले होते की. तुम्ही म्हनालात, शाळेत हाय तेच शुद्ध हाय. बाकीचे कागद बदलून घे.’

मला आठवेना. आजही आठवत नाही. पण वाक्य माझंच आहे, ह्याबद्दल मला शंका नाही.

मी म्हटलं, ‘अजून करता येईल. मी प्रस्ताव पाठवते, वर जाऊन बसते हवं तर.’

‘नको, बाई. आता आधार, ब्यांक, समदं तुमच्या अक्षरावर करून घेतलंय. आता परत बदललं तर माझंच लॉगिन व्हायचं नाय.’ असं म्हणून ती हसली, आणि मशीन गोधडीत नीट गुंडाळून देताना म्हणाली, ‘पाटीवर तेवढं माझं हाय. राहू दे.’

शुक्रवारी तो बाप भल्या सकाळीच आला. आजोबांच्या नोंदीचा उतारा मी छापला, सही केली, शिक्का मारला. त्या ओळीतल्या अक्षरांकडे मी किती वेळ बघत बसले, ते त्या बिचाऱ्याला कळलं नसेल. नाव रेशनकार्डाशी ताडून बघितलं. जुळत होतं. ते माझ्या आधीच्या कुण्या गुरुजींचं अक्षर, आजोबांनी सांगितलं तसं लिहिलेलं. तो कागद घडी घालून खिशात ठेवून निघाला.

उतारा गेला हे जव्हारच्या माझ्या विद्यार्थिनीला कळवायला मी मोबाइल काढला. तिचं नाव शोधलं. तिथेही मी ‘ण’च लिहून ठेवला होता. चष्मा लावला, एक अक्षर पुसलं, दुसरं लिहिलं. काही बंद पडलं नाही. मग फोन लावला. दुकानात गर्दी असावी, तिने न बघताच उचलला.

‘कोन?’ ती म्हणाली.

मी दुरुस्त केलं नाही.