टोळीला एकच आवाज

आमच्या घरात दोघांना जड वस्तूंचं वेड होतं. वडील त्या हलवायचे आणि मी त्यांचे फोटो काढायचो.

ठाण्यातल्या एका फोटो स्टुडिओत मी नोकरीला होतो. मालकाचा सगळा भर लग्नांवर. नवऱ्यामुलांना "हनुवटी जरा वर" सांगून सांगून माझं डोकं उठायचं. मग सुट्टीच्या दिवशी मी ठाकुर्लीला रुळांच्या कडेला जाऊन मालगाड्या टिपत बसायचो. एकदा रेल्वेच्या पोलिसाने कॅमेऱ्यातला रोल उपसून उन्हात धरला आणि वर विचारलं, "अरे, मालगाडीत काय एवढं बघण्यासारखं आहे?" त्याला काय सांगणार, कपाळ! कोलशेतच्या कारखान्यांतून अजस्र यंत्रं घेऊन निघालेले ट्रेलरही मी पुष्कळ काढले. वजन वस्तूत दिसत नाही, हे मला हळूहळू कळलं होतं. ते दबलेल्या टायरात दिसतं, नाहीतर माणसाच्या पोटरीत.

अशा पोटऱ्या माझ्या वडिलांच्या टोळीत बक्कळ होत्या. वडील, म्हणजे आमचे आबा, अवजड सामान हलवणाऱ्या टोळीचे मुकादम. बहुतेक माणसं आमच्याच गावाकडची, सातारा भागातली. क्रेन जिथे शिरत नाही, तिथे ही टोळी शिरायची. यंत्राखाली लोखंडी पाइप आडवे घालायचे, मागून आणि दोन्ही बाजूंनी पहारी लावून ते तसूतसूने पुढे ढकलायचं, मागे सुटलेला पाइप उचलून पुन्हा पुढे घालायचा. पुढे पाइप घालण्याचं काम सगळ्यात जोखमीचं. ते वडिलांचे लहानपणचे सोबती करायचे. मी त्यांना काका म्हणायचो. वडिलांच्या आवाजावर त्यांचा एवढा भरवसा, की यंत्राकडे पाठ करून ते खुशाल वाकायचे.

टोळीचा एक कडक नियम होता. यंत्र हललं की तोंड फक्त मुकादमाचं. कुणाला काही झालंच तर त्याने हात वर करायचा, बोलायचं नाही. एकदा एकाच्या पायाला इंगळी डसली, तरी तो गडी डोळ्यांतून पाणी काढत हात वर करून उभा राहिला. वडील म्हणाले "थांब", मगच तो ओरडला. मग मात्र असा ओरडला, की शेजारच्या कारखान्यातली माणसं बघायला आली.

आणि माझा आवाज हुबेहूब वडिलांचा होता. मिसरूड फुटलं त्या वर्षीच तो तसा झाला. वर्तकनगरला आमच्या शेजाऱ्यांकडे फोन होता, तिथे मी "हॅलो" म्हटलं की टोळीतलं कुणीतरी सरळ कामाचंच बोलायला लागायचं. मी दारातून पाणी मागितलं की आई वडिलांचा तांब्या घेऊन यायची आणि मला बघून म्हणायची, "मेल्या, तू होय!" खाण तशी माती, म्हणून सगळे हसायचे. मलाही त्याचा तोरा होता.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. कोलशेतच्या एका कारखान्यातून एक भलामोठा ट्रान्सफॉर्मर निघायचा होता. कारखान्याच्या साहेबांना तो बाहेर पडतानाचा फोटो हवा होता आणि वडिलांनी मोठ्या कौतुकाने माझं नाव सुचवलं. आम्ही एका कामावर एकत्र असण्याची ती पहिलीच वेळ. सकाळी निघताना त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. आईने विचारलं, "आज कुणाचं लग्न?" तर म्हणाले, "पोरगा फोटो काढणार आहे."

मी शेडच्या दारासमोर एका ड्रमावर चढलो. नारळ फुटला. वडिलांनी साद घातली, "धराऽऽ", आणि वीस माणसांनी मिळून "हैय्या" केलं. ट्रान्सफॉर्मर वीतभर सरकला. दहा वाजेपर्यंत तो दारात आला आणि त्याच्या अंगावर उन्हाची तिरीप पडली. काका पुढे वाकून पाइप घालत होते, दोन्ही बाजूंच्या पहारी ताणलेल्या, 'रेटत राहा' म्हणून वडिलांचा हात हवेत. हाच तो फोटो, असं मला आतून वाटलं. रोलमध्ये एकच फोटो शिल्लक होता. तेवढ्यात कारखान्याचा वॉचमन सायकल ढकलत डावीकडून नेमका मधे यायला लागला.

मी ओरडलो, "थांब!"

मी वॉचमनला ओरडलो होतो. तो थांबलाही. पण टोळीने ऐकला तो मुकादमाचा आवाज. डाव्या बाजूच्या माणसांनी पहारी सोडल्या. उजव्या बाजूच्यांना वडिलांचा हात दिसत होता, तो अजून वरच होता, म्हणून ते रेटत राहिले. ट्रान्सफॉर्मर गर्रकन डावीकडे फिरला, खालचा पाइप तिरका होऊन उसळला आणि काकांचा उजवा पाय घोट्यापर्यंत खाली गेला. माझं बोट तोवर बटणावर दाबलं गेलं होतं.

जॅक लावून पाय सोडवेपर्यंत काका शुद्धीवर होते. साहेब धावत आले. "कोणी थांबवलं मधेच?" वडिलांनी एकदाच ड्रमाकडे, माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "मी, साहेब. माझी चूक झाली."

मी ड्रमावरून उतरलो. माझा एवढा मोठा आवाज, आणि नेमका तेव्हा बसला.

काकांचा पाय घोट्यापासून कापावा लागला. त्या कारखान्यात वडिलांना पुन्हा घेतलं नाही. महिन्याभरात त्यांनी टोळीही सोडली आणि एका सोसायटीत राखणदाराची नोकरी धरली. मी समजलो की टोळीचा विश्वास उडाला आणि तिनेच त्यांना काढलं असणार. घरात ते हळू, घशातल्या घशात बोलू लागले. पाणी हवं असलं की भांडं वाजवायचे. आईला त्यांनी साहेबांना सांगितलं तेच सांगितलं होतं. ती एकदा मला वाढताना म्हणाली, "जन्मात एकदाच चुकले रे, आणि तेही जिवलगाच्या पायावर." मी मान खाली घालून आमटी-भात कालवत राहिलो. वड्याचं तेल वांग्यावर निघत होतं आणि मी ते निघू देत होतो. दर रविवारी ठरवायचो, आज बोलायचं. बोललो नाही. मी भित्रा होतो, दुसरं काही नाही.

फोटो फार चांगला आला होता, हे लिहिताना लाज वाटते. मी तो कुणालाच दाखवला नाही आणि पुढे कॅमेरा विकून टाकला.

सहा वर्षांनी वडील गेले. तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ठाकुर्लीला काकांकडे गेलो. ते दारात खुर्ची टाकून बसले होते, शेजारी कुबडी. मी वाटेत पाठ केलेलं एका दमात सांगून टाकलं. "काका, त्या दिवशी मी ओरडलेलो. आबा नाही."

काका म्हणाले, "बस की. उभा का?"

मी बसलो.

"ठावं हाय रं मला. समद्या टोळीला ठावं हाय. दुसऱ्याच दिवशी तुजा बाप दवाखान्यात आला. माज्या खाटंला टेकून रडला आन् म्हनला, पोरगा वरडला, त्याला कुनी काय बोलू नका."

"मग टोळीने त्यांना का काढलं?"

"कुनी काडलं? आमीच तीनदा बोलवाय गेलो. एकदा आला बी. धरा म्हनला आन् मटकन खाली बसला. म्हनला, माजाच आवाज कानात पडला की पोरगं दिसतंय, ड्रमावर हुबं ऱ्हायलेलं. त्यापरीस बोलायलाच नगं."

काकांनी आत चहा सांगितला. मी विचारलं, "माझ्याबद्दल काही म्हणायचे का?"

"दिवाळीला यायचा की दर वर्साला. म्या इचारायचो, बोललं का पोरगं? म्हनायचा, न्हाई अजून. पर बोलंल. मी काय त्याला इचारनार न्हाई, त्येचं त्येनंच बोलाय पायजे."

चहा आला. काका म्हणाले, घे, गार होईल. मी कप हातात धरून बसलो. सहा वर्षं रोज आबा आणि मी समोरासमोर ताट घेऊन जेवायला बसत होतो.