अंगठा सुटेना

बोलिंगच्या हॉलमध्ये आमच्या धाकटीला सगळे 'धप्पा' म्हणतात, आणि ती खुशाल त्या नावाला ओ देते. माझी जाऊ म्हणून सांगत नाही, पण अशी कामसू बाई शोधून सापडायची नाही. शिलाईच्या कारखान्यात मी इस्त्रीला, ती कटिंगला. कापडाच्या थप्पीवर खडूनं रेघ ओढायची आणि त्या रेघेवरून मोठी कात्री चालवायची. सूतभरसुद्धा इकडचं तिकडे होत नाही. कित्येक वर्षं बटणांच्या टेबलावर मान मोडून बसली, तेव्हा कुठे ही कात्री हातात आली. बायकांमधली पहिलीच. मला तिचं फार कौतुक आहे, पण तोंडावर बोलायची नाही मी. डोक्यावर चढून बसेल.

तर हा धप्पा. कारखान्याची टीम शनिवारी संध्याकाळी खेळते. टीमचे कर्तेधर्ते म्हणजे मास्तर, कटिंगवरचे मुख्य. बॉलला बोटं घालायला भोकं असतात; सोडताना अंगठा आधी भोकातून निघायला हवा, मग बोटं. म्हणजे बॉल लेनवर अलगद उतरतो आणि घरंगळत पिनांकडे जातो. आमच्या बाईंचा अंगठा मुक्कामालाच! हात वर जाईपर्यंत निघायचाच नाही. मग बॉल हवेत उडायचा आणि पुढे जाऊन लाकडावर धप्पकन आपटायचा. हॉलवाला काउंटरवरून ओरडायचा, "अहो बाई, लेन आहे ती, उखळ नव्हे!" सगळे हसायचे. सगळ्यांत मोठ्यानं तीच.

मीही हसायचे. एके दिवशी सकाळी स्वयंपाकघरात गेले, तर ही बया उजवा हात गरम पाण्याच्या नळाखाली धरून उभी, आणि डाव्या हातानं अंगठा ओढतेय. टक् असा आवाज आला, अंगठा सरळ झाला, आणि हिच्या डोळ्यांत टचकन पाणी.

"काय गं हे?"

"काही नाही, ताई."

"काही नाही कसं? मी काय आंधळी आहे?"

मग बोलली. अंगठा वाकला की तसाच अडकून बसतो. सकाळी तर हमखास, आणि दिवसभर कात्री चालवली की पुन्हा संध्याकाळी. माझ्या दिराला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, तिनं सांगितलं नव्हतं. त्याच्या पोटात काही राहत नाही, हे मीही जाणून आहे.

"मास्तरांना कळलं तर कात्री गेली, ताई. आधीच्या कटिंगवाल्याची नजर अधू झाली, तर दुसऱ्या दिवशी त्याला घड्या घालायला बसवला त्यांनी."

"मग शनिवारी तिथे खेळायला कशाला मरतेस?"

"एकदम सोडलं तर विचारतील ना, का सोडलं म्हणून. माझ्या खेळाला हसताहेत तोवर माझ्या हाताकडे कोण बघतंय?"

घ्या! कुणाला सांगितलंत तर माझी शपथ, म्हणाली. बसले मग तोंडाला कुलूप लावून.

इकडे मास्तरांनी मनावर घेतलं. धप्पाबाईला सुधारायचंच! गुडघा वाकव, खांदा पाड, कापडावरून कात्री सरकवतेस तसा हात ने. काही उपयोग होईना, तेव्हा त्यांनी ठरवलं, भोक घट्ट असणार. बॉल दुकानात नेऊन अंगठ्याचं भोक मोठं करून आणलं. झालं उलटंच. सैल भोकातून बॉल निसटेल म्हणून ती अंगठा आणखी वाकवून आवळायला लागली, आणि वाकवला की अडकलाच. आधी बॉल उडायचा, आता उड्डाण करायला लागला. माणूस भला हो, पण चांगलं करायला गेला आणि होत्याचं नव्हतं करून बसला.

परवाच्या शनिवारी लाँड्रीवाल्यांच्या टीमशी सामना होता. धाकटी धावत गेली, हात मागून पुढे आला, आणि बॉल सुटेचना. हाताबरोबर थेट खांद्यापर्यंत वर गेला, तिथून लेनच्या कडेच्या गटरात असा आदळला की हॉल हादरला. ती गुडघ्यांवर पडली. लोक पोट धरून हसले. तीही हसली, पण उठली नाही. मी धावले. अंगठा आकड्यासारखा वाकलेला, चेहरा पांढराफटक.

"झाका, ताई," ती पुटपुटली. मी माझा रुमाल टाकला.

तेवढ्यात मास्तर हसत हसत आले. "ऊठ! पुढच्या वेळी आणखी मोठं भोक पाडून आणतो," म्हणत त्यांनी उठवायला हात पुढे केला. मला वाटलं, डावा देईल. तिनं त्यांच्या हाताकडे बघितलं, रुमाल बाजूला केला आणि उजवा दिला.

"भोक बरोबरच होतं, मास्तर. माझा अंगठाच सुटत नाही. कात्रीतनंही सुटत नाही."

मास्तरांचं हसू कुठल्या कुठे गेलं. गुडघे कुरकुरत असतानाही ते तिच्याशेजारी जमिनीवर बसले आणि अंगठ्याचं मूळ हळूहळू चोळायला लागले.

"अशा हातानं कापत होतीस तू? एकदाही रेघ चुकली नाही तुझी."

"चुकू दिली नाही."

टक्. ती कळवळली.

"आधी डॉक्टर. तोवर कात्रीला हात लावायचा नाही."

"म्हणजे मलाही घड्या घालायला बसवणार." सरळ त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाली हो!

मास्तर अंगठा चोळतच राहिले. "त्याला बसवलं ते घाईच केली मी," ते म्हणाले. "रेघ तू ओढायचीस, कात्री मी चालवीन. बरा होईपर्यंत."

"आणि नाहीच झाला तर?"

"तर डावखुऱ्यांची कात्री मिळते. शिकशील. मी आहे तोवर ती जागा तुझीच."

आणि मग आमची धाकटी, इतके महिने सगळ्यांच्या आधी हसणारी, त्या भर हॉलमध्ये लहान पोरीसारखी हमसून हमसून रडली. शेजारच्या लेनवरची एक बाई मला म्हणाली, "अहो, समजवा तिला. खेळात हरणं-जिंकणं चालायचंच."

"हो ना," मी म्हटलं, "फारच मनाला लावून घेते बाई," आणि बाहीनं माझे डोळे पुसले.