दार चिकटलं आणि नाना खिडकीत गेले

मंडळी, मी जाम खूश आहे! आज दुपारी जळगावात आमच्या हौशी नाटकाचा पहिला प्रयोग झाला. रंगमंच व्यवस्थापक म्हणून माझाही पहिलाच.

शेवटच्या प्रवेशात रुसून गेलेला बाप घरी परततो आणि मुलगी दार उघडते. पण ताज्या रंगानं दार चौकटीला घट्ट चिकटलं! रंगमंचावरून मुलीचं काम करणारी वैशाली ओढतेय, मागून बापाचं काम करणारे नाना ढकलतायत.

“दार उघडस नही व माय!” नाना घाबरून माझ्या कानात पुटपुटले.

“नाना, खिडकीतून बोला,” म्हणत मी त्यांना तिकडे ढकललंच.

नानांनी खिडकीतून डोकं आत घातलं. “पोरी, घरात घेशील ना मला?”

वैशाली धावली आणि खिडकीतूनच त्यांच्या गळ्यात पडली. आणि टाळ्याच टाळ्या! इकडे विंगेत मी एकटीच उड्या मारतेय.

पडदा पडल्यावर दिग्दर्शक म्हणाले, “आता धुळ्याच्या प्रयोगालाही खिडकीच ठेवू.”

प्रेक्षकांना मी दिसलेच नाही, तरी इतकं छान मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. तुम्हाला कधी पडद्यामागे राहून असा आनंद मिळालाय?