काकांची नाव आणि माझी घंटा

चूक माझीच होती. आमच्या काशीतल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात वक्त्यांची वेळ मी सांभाळत होतो. त्या संध्याकाळी शेजारचे काका बोलायला उभे राहिले. लहानपणी पलीकडच्या तीरावरच्या रामनगरहून परतताना नाव गंगेच्या भर पुरात सापडली, ती हकीकत ते सांगत होते. सांगता सांगता त्यांचे हात वल्ही मारू लागले, आवाज मध्येच कुजबुजीइतका खाली आला. मागच्या रांगेतली मुलंही मोबाइल ठेवून ऐकत होती. मी मात्र घड्याळ बघत होतो. दहा मिनिटं झाली आणि हाताला लागली ती घंटा मी वाजवली. ती आरतीची निघाली. सगळे हात जोडून उठले आणि आरती सुरूच झाली. काकाही मुकाट्याने टाळ्या वाजवू लागले.

प्रसाद वाटताना काकू म्हणाल्या, "काय रे टाइमकीपर, ह्यांना मझधारमध्ये सोडलंस! आठ दिवस आरशासमोर तैयारी चालली होती."

सगळे हसले. काका हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांच्या दारात गेलो.

"या, वेळेवर आलात," काका म्हणाले.

"काका, माफ करा. सगळे ऐकत होते. मी एकटाच ऐकत नव्हतो."