दुसरी प्रत

इस्पितळाच्या नोंद विभागात त्यांना सगळे मार्जिनकाका म्हणायचे. हे नाव आपल्याला मुळीच आवडत नाही, असं काका स्वतःच नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगायचे. म्हणजे आवडतच असणार. छापील फॉर्मच्या चौकटीत अक्षरं नेमकी बसवायची यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. एकतीस वर्षं नोकरी, त्यातली बारा टाइपरायटरवर आणि एकोणीस एकाच प्रिंटरवर. बायको गेली तेव्हा तिचा फॉर्मही त्यांनीच छापला, कारण कागद लावणं दुसऱ्या कुणाला जमत नव्हतं. त्या दिवशीही एक अक्षर रेघेला लागलं नाही.

प्रिंटर जुन्या जातीचा, सुया मारणारा. तो चालू झाला की माझ्या पेशंटची दाढ दुखायला लागते, असं शेजारच्या खोलीतल्या रक्त तपासणाऱ्या बाई म्हणायच्या. पण एकाला एक जोडलेले, कडांना भोकं असलेले फॉर्म तोच ओढू शकायचा, आणि फॉर्म तर अजून तेच होते. प्रत्येकावर क्रमांक छापलेला. एखादा वाया गेला तर लाल शाईने दोन रेघा मारून, खाली कारण लिहून फाइलला लावायचा. म्हणून काका आधी साध्या कागदावर छापायचे, तो कागद कोऱ्या फॉर्मवर ठेवून खिडकीच्या काचेला धरायचे, उजेडात अक्षरं चौकटीत दिसली की मगच खऱ्या फॉर्मला हात लावायचे. मृत्यूची नोंद तीन फॉर्मांवर, एकामागून एक. पहिली प्रत दप्तराला, ती फाइलीबाहेर काढायची नाही; दुसरी शवागाराच्या दारावर, तिसरी घरच्यांना. एकोणीस वर्षांत पहिली नीट आली की पुढच्या दोन मुकाट्याने तिच्यासारख्याच यायच्या. त्यांच्याकडे बघायचं काही कारणच उरलं नव्हतं.

सोमवारी जुना संगणक बंद पडला तो पडलाच. बुधवारी सकाळी वरच्या मजल्यावरून नवा लॅपटॉप आला. इतका पातळ की काकांनी तो फाइलीसारखा काखेत मारून आणला. टेबलावर ठेवून चारी बाजूंनी फिरवून पाहिला. प्रिंटरच्या रुंद, दातेरी पिनेला बसेल असं एकही भोक त्याला नव्हतं.

आणि बाकावर एक बाई सकाळी नऊपासून बसली होती. कपडे शिवून पोट भरणारी, साठीच्या आतबाहेरची. पहाटे तिचा थोरला भाऊ वॉर्डात वारला होता. दोघांनीही लग्न केलेलं नव्हतं; आईजवळ एकाच घरात राहायचे. घर तीन तासांवर. वाटेतल्या पुलाचं काम चालू होतं आणि सहानंतर पुलावरून गाडी सोडत नव्हते. गाडीवाल्याने तिला स्वच्छ सांगितलं होतं: तीनला निघालो तर निघालो. घरी अठ्ठ्याऐंशी वर्षांची आई अंगणात खुर्ची टाकून बसली होती आणि मुलाला बघितल्याशिवाय पाण्याचा घोटही घेणार नाही म्हणत होती. हे सगळं बाईने काकांना एकदाच, हळू आवाजात सांगितलं, आणि मग पुन्हा बोलली नाही. ओरडली असती तर काकांना सोपं गेलं असतं.

साडेअकराच्या सुमारास मात्र ती उठून खिडकीशी आली.

"दादा, हाताने लिहून दिलं तर नाही का चालणार?"

नाही चालणार, असं काकांनी सांगितलं. का, ते नाही सांगितलं. नऊ वर्षांपूर्वी हाताने खरडलेल्या एका प्रतीवरून भलताच माणूस भलत्याच घरी पोहोचला होता. तेव्हा काकांनीच वर अर्जावर अर्ज करून नियम करवून घेतला होता, की शवागाराच्या दारावर छापील प्रतीखेरीज काही घ्यायचं नाही. त्या नियमाचा त्यांना पेन्शनपेक्षा जास्त अभिमान होता.

रक्तवाल्या बाईंच्या खणात, तुटलेल्या थर्मामीटरांच्या खाली, एक जोडवायर सापडली: एका टोकाला चपटं तोंड, दुसऱ्या टोकाला दातेरी. काकांनी ती जोडली. लॅपटॉपने टुण्ण केलं आणि पुढे काहीच केलं नाही. मग त्यांनी मुलीला फोन लावला. मुलगी दुसऱ्या शहरात कुठल्याशा ऑफिसात होती आणि वडिलांना फोनवरून वाट दाखवण्यात आता तरबेज झाली होती. यादीत आपला प्रिंटर शोधा, म्हणाली. तो नव्हता. इतका जुना प्रिंटर आता यादीतही धरत नाहीत, हे ऐकून काकांना स्वतःचंच नाव गाळल्यासारखं वाटलं. मग साधा, कुठल्याही प्रिंटरला चालणारा पर्याय निवडला, तर पानभर प्रश्नचिन्हं उमटली. मृताचे नाव: प्रश्नचिन्हं. वय: प्रश्नचिन्हं.

"एवढे प्रश्न पोलीससुद्धा विचारत नाहीत," काका म्हणाले. पलीकडे मुलगी हसली, पण बाकावरची बाई बघते आहे हे लक्षात आल्यावर काका एकदम ओशाळले आणि खाली मान घालून कामाला लागले.

त्याच कंपनीचा, त्याच घराण्यातला एक जवळचा प्रिंटर यादीत मिळाला. मग लॅपटॉपने मजकूर कुठल्या दारातून, म्हणजे कुठल्या पोर्टमधून, प्रिंटरकडे पाठवायचा ते चुकत होतं. मुलीने तेही शोधून दिलं. जेवणाची सुट्टी संपत आली म्हणून ती घाईघाईने एकेक गोष्ट विचारून घेत होती.

"बाबा, कागदाची लांबी काय टाकली आहे तिथे?"

"कागदाला लांबी मी देत नसतो गं. तो येतानाच घेऊन येतो."

"तसं नाही, आत नेहमीचं पान धरलेलं असतं. तुमचा फॉर्म त्याहून लांब असला तर..."

"एकोणीस वर्षं याच खोक्यातला कागद लावतोय मी. तू तुझ्या मीटिंगला जा."

मुलीने फोन ठेवला. दोन वाजून वीस मिनिटांनी साध्या कागदावर अक्षरं उमटली. काकांनी कागद खिडकीच्या काचेला धरला. भावाचं नाव भावाच्या चौकटीत, बहिणीचं नाव खालच्या, खबर देणाऱ्याच्या चौकटीत. काही रेघेला लागलेलं नव्हतं. त्यांनी तीन फॉर्मांचा हुकूम दिला. प्रिंटर करकरायला लागला तेव्हा बाई उठून उभी राहिली होती, आणि काकांना सकाळपासून पहिल्यांदा बरं वाटलं. फाडले, शिक्के मारले, सह्या केल्या. पहिली प्रत फाइलला, उरलेल्या दोन घडी घालून तिच्या हातात. "पळा," ते म्हणाले.

ती पळाली. शवागार मागच्या इमारतीत, आवार ओलांडून. दारावरचा पहारेकरी सावकाश वाचणारा माणूस होता. एकेका शब्दावर बोट ठेवायचा. त्याने बोट ठेवलं, बाईकडे पाहिलं, पुन्हा बोट ठेवलं आणि तिला विचारलं, हे नाव कुणाचं. माझं, ती म्हणाली.

"बाई, यात तर तुम्हीच वारल्या आहात."

लॅपटॉपच्या मनातलं पान फॉर्मपेक्षा जेमतेम अर्धं बोट आखूड होतं. पहिल्या फॉर्मवर त्याने काही बिघडलं नाही. दुसऱ्यावर सगळा मजकूर एक घर वर सरकला: भावाचं नाव इस्पितळाच्या मथळ्यावर चढलं आणि बहिणीचं नाव मृताच्या चौकटीत येऊन बसलं, अगदी मधोमध, रेघेला न लागता. तिसऱ्यावर ते आणखी एक घर वर गेलं होतं.

ती परत आली तेव्हा पावणेतीन वाजले होते. तिने दोन्ही कागद काकांसमोर ठेवले आणि पहारेकऱ्याने जिथे बोट ठेवलं होतं तिथे आपलं बोट ठेवलं. काकांनी मुलीला फोन लावला, ती मीटिंगमध्ये. पुन्हा लावला. मग जे त्यांनी एकतीस वर्षांत केलं नव्हतं ते केलं. कोरा फॉर्म फाडला, पेन काढलं, टपोऱ्या अक्षरात सगळं हाताने लिहिलं, शिक्का मारला आणि बाईला बरोबर घेऊन स्वतःच आवारातून निघाले. गुडघा दुखत होता, तरी जवळजवळ पळतच.

पहारेकऱ्याने फॉर्म घेतला, वाचला, आणि परत केला. त्याच्या पाठीमागच्या काचेवर नियमाचा कागद चिकटवलेला होता, पिवळा पडलेला.

"काका, या नियमाखाली सही तुमचीच आहे."

"माझीच आहे म्हणून तर सांगतोय. सोड यांना. जबाबदारी माझी."

"मागच्या खेपेलाही कुणीतरी जबाबदारी घेतलीच होती की. माझी नोकरी जाईल, काका."

तो उद्धटपणे बोलला नाही. उलट तोच रडकुंडीला आला होता. काकांना त्याच्याशी भांडताही येईना. त्याच्या जागी ते असते तर त्यांनीही हेच केलं असतं, आणि वर दोन शब्द जास्त सुनावले असते.

दोघं परत नोंद विभागात आली. लांबीचा आकडा कुठे टाकायचा ते काकांनी एकट्याने, एकेक खिडकी उघडत शोधून काढलं. या वेळी साधे कागदही तीन छापले आणि तिन्ही काचेला धरून पाहिले. तीन चाळीसला तिन्ही प्रती एकसारख्या, निर्दोष बाहेर आल्या. गाडीवाला सव्वातीनलाच निघून गेला होता. जाण्याआधी तो खिडकीशी येऊन, मान खाली घालून सांगून गेला होता: दुसरं भाडं घेतलंय, उद्या सकाळी आठला येतो, नक्की येतो.

वाया गेलेले फॉर्म तसेच ठेवता येत नाहीत. काकांनी लाल पेन घेतलं. ती समोरच उभी होती. तिच्या नावावर रेघ मारताना त्यांचा हात थांबला. तिने मानेनेच मारा म्हणून सांगितलं. त्यांनी दोन रेघा मारल्या. खाली कारणाचा रकाना होता. प्रिंटरची चूक, असं लिहिता आलं असतं. कुणी तपासलंही नसतं. त्यांनी लिहिलं: "दुसरी प्रत पाहिली नाही." आणि सही केली.

मग तिने घरी फोन लावला. आधी शेजारीण बोलली, मग फोन आईकडे गेला. आईला कमी ऐकू यायचं.

"आई, आज नाही जमत. कागदाचं राहिलं. उद्या सकाळी घेऊन येते त्याला," ती म्हणाली.

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. ती जरा मोठ्याने म्हणाली, "आज नाही, आई. उद्या आणते."

बाकांवरची माणसं वळून बघायला लागली. रक्तवाल्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. काकांनी प्रिंटर बंद केला, म्हणजे निदान तो आवाज तरी नको.

"उद्या," ती ओरडली.