पोवळ्यासाठी पुण्याला

आता नाशिकहून पुण्याला जायचं तर मुलं गाडी काढतात आणि जेवायला तिकडे पोचतात. आम्ही नणंद-भावजय गेलो ती ऐंशीनंतरच्या एका उन्हाळ्यात, एसटीच्या लाल गाडीने.

कुसुम, माझी धाकटी नणंद, अंबडच्या कारखान्यात पॅकिंगला होती. तिच्या नडगीच्या हाडात पोकळी झाली होती. कमरेचं हाड काढून एकदा भरलं, ते टिकलं नाही. पुण्यातले एक डॉक्टर समुद्रातलं पोवळं स्वच्छ करून हाडात भरून बघत होते. ते जाळीदार असतं, त्याच्या भोकांतून आपलं हाड वाढत जातं म्हणे. आधी बकऱ्यांवर, मग माणसांवर. माणसांत कुसुमचा नंबर पहिला, आणि खर्च काही नाही. मी वणीच्या देवीला बोलले होते, पाय बरा झाला की दोघी पायऱ्या चढून येऊ.

पहाटेची गाडी धरा, हे आजही सांगेन. सिन्नरपर्यंत गारवा होता, चंदनापुरीच्या घाटात ऊन तापलं. बरोबर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होती, म्हणून वाटेत फक्त दोन चहा झाले. दोघींचं भाडं चाळिसाच्या आत. वाटेत कुसुम हातातली अंगठी फिरवत म्हणाली, "वहिनी, यातलं पोवळं चाललं असतं तर तुमचे गाडीभाड्याचे पैसेही वाचले असते."

पेठेतल्या धर्मशाळेत उतरलो. स्टोव्हवर भाजी करायला मी नाशिकची मेथी नेली होती. तिथं दुप्पट भावाची कोण घेणार! डॉक्टर दुसऱ्या दिवशी भेटणार होते, पण कुसुमला धीर नव्हता. आमच्याआधी कुणाला भरलंय ते बघू म्हणाली. संध्याकाळी काठी टेकत मला दवाखान्याच्या मागच्या शेडकडे घेऊन गेली, पिशवीत मेथी घालून.

शेडवर तुकाराम म्हणून एक म्हातारे होते. त्यांनी कान तुटलेली एक काळी बकरी दाखवली. तिच्याही नडगीत पोवळं होतं आणि ती ऐटीत चालत होती. कुसुमने अख्खी जुडी तिला चारली. मी पुटपुटले, आता रात्री चटणीवर भागवा. बकरी कुसुमच्या पदराला नाक घासत राहिली.

"हाड भरलं का हिचं?" कुसुमने विचारलं.

"उद्या सकाळी कळंल."

"फोटो काढून?"

म्हाताऱ्यांनी बकरीच्या पाठीवरून हात फिरवला. "फोटूत समदं दिसत नाय, ताई. हाड काढूनच बघत्यात."

 रात्री कुसुमने चटणीलाही हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर हसतमुखाने आत आले. काळ्या बकरीचं हाड उत्तम भरलं होतं, पोवळ्यात सगळीकडे नवं हाड शिरलं होतं. परवाच ऑपरेशन करू म्हणाले. मी मनातल्या मनात हात जोडले.

कुसुम म्हणाली, "मला नको."

डॉक्टरांनी नीट समजावलं. तुम्ही नाही म्हटल्याने ती बकरी परत येणार आहे का, असंही विचारलं. नाही येणार, हे कुसुमलाही मान्य होतं. मी म्हटलं, अगं, देव काही आपल्याला दोष लावणार नाही.

"दोषाचं नाही, वहिनी. काल माझ्या हातून खाल्लं तिनं. रोज पाय टाकताना मला काय आठवेल?"

 डॉक्टरांनी तिचा कागद बाजूला ठेवला.

येताना मंचरला गाडी थांबली, भजी ताजी होती, पण आम्ही उतरलो नाही. घरी सगळे मलाच बोलले. भावजय सोबत दिली ती कशाला? मी तिची समजूत घातली, पण हट्ट धरला नाही. धरायला हवा होता का, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. हळहळ मात्र जात नाही. कारखान्यात दिवसभर उभं राहणं जमेना, तिची नोकरी सुटली. काठी कायमची राहिली. ती कधी कुरकुरली नाही, कुरकुर करणारी मीच.

गडावर आम्ही अजून वर्षातून एकदा जातो. पायऱ्या मी एकटी चढते, दोघींची ओटी भरते. उतरते तेव्हा कुसुम खाली ओट्यावर बसलेली असते आणि आसपासची बकरी-बोकडं तिच्या ओंजळीतले हरभरे खात असतात. त्यातलं एखादं कुणाच्या नवसाचं असेल, हे मी तिला कधी बोलले नाही. तिला ठाऊक असणारच. ती ओंजळ रिकामी होईपर्यंत धरून ठेवते.