भावासाठी मैद्याची पोळी

माझा धाकटा भाऊ गांधीबागेत कापडाच्या दुकानात काम करायचा. लग्न केलं नव्हतं. दिवसभर गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा असायचा. तोंडाचा कॅन्सर निघाला तेव्हा रामदासपेठेतल्या दवाखान्यात डावीकडचा अर्धा जबडा काढावा लागला. मग रेडिएशनचे शेक झाले, आणि तो आमच्याकडे राहायला आला. घरी मी आणि माझी मुलगी, दोघीच.

त्याचं तोंड जेमतेम चमचा आडवा जाईल एवढंच उघडायचं. वरण-भात, भाजी, सगळं मिक्सरमधून काढून द्यायचं. आम्ही जेवायला बसलो की तोही वाटी घेऊन समोर बसायचा आणि आमच्या ताटाकडे बघायचा. एकदा त्यानं माझ्या ताटातला पोळीचा तुकडा उचलून तोंडात सारला. तो घशात अडकला. खोकून खोकून रक्त आलं. पाठ चोळता चोळता मी ओरडले, "काहून असं करतं गा?"

"पोळी पाहिजे वं ताई," तो म्हणाला. त्याचं बोलणं आता फक्त आम्हालाच कळायचं.

मुलगी म्हणाली, "मामासाठी टॉर्टिया करून पाहू. परदेशातली मैद्याची पोळीच असते ती, आपल्या पोळीपेक्षा मऊ राहते." तिनं सदर भागातल्या एका हॉटेलात ती खाल्ली होती. मोबाइलवर बघून तिनं मला सांगितलं. मैद्यात मीठ घातलं, तेल चोळलं, गरम पाण्यानं भिजवलं. पण लाटायला घेतली की पोळी आखडून पुन्हा लहान व्हायची. मंद आचेवर भाजल्या, त्या पापडासारख्या कडक झाल्या. सगळ्या गाईला घातल्या.

नंतर कळलं, गोळे ओल्या फडक्याखाली झाकून ठेवावे लागतात. तवा कडकडीत तापवायचा, पोळीला फोड आले की लगेच उलटायची, आणि उतरवली की कापडात गुंडाळायची. आतल्या वाफेनं ती मऊ पडते. त्या दिवशी मी कात्रीनं तिच्या बारीक पट्ट्या कापल्या, वरणात भिजवल्या आणि त्याच्यासमोर ठेवल्या. एकेक पट्टी बोटानं आत ढकलत तो खात राहिला. आमची जेवणं झाली, भांडी झाली, तरी तो ताटावरच होता. अर्ध्या ओठाला काही कळत नसल्यानं वरण हनुवटीवरून ओघळत होतं.

"रडून राहिला का गा?" मी विचारलं.

"नाही. खाऊन राहिलो."

पुढे तो स्वतःच लाटायला लागला. लाटलेली पोळी दोन्ही हातांवर उचलून खिडकीच्या उजेडात धरायचा, दुकानात गिऱ्हाइकाला कापड दाखवावं तशी. "मलमल हाय," म्हणायचा. तेवढे दिवस घरात हसणं होतं.

मग त्याचा कान दुखायला लागला. तपासलं तर गाठ पुन्हा आली होती, खाली घशाकडे. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की आता कापण्यासारखं काही उरलं नाही. काही आठवड्यांत पाणीही उतरेना. नाकातून नळी घातली.

तरी तो ओट्याशी उभा राहून पोळ्या लाटायचा. आम्ही खात नाही असं दिसलं की ताटाकडे बोट दाखवायचा. त्याच्यासमोर बसून मी घास गिळायची. मुलगी एकदा उठून गेली, तर त्यानं तिचं ताट तिच्या खोलीत नेऊन ठेवलं.

शेवटी तो पलंगावरून उठेनासा झाला. अन्नाचा वास त्याला सोसेना. हातानं खूण करून स्वयंपाकघराचं दार लोटायला लावायचा. आम्ही आत उभ्यानंच काहीतरी खाऊन घ्यायचो, भांड्यांचा आवाज होऊ न देता.

वैशाखातली दुपार होती. बंद दाराआड मी त्याच्या नळीतून द्यायची पेज गाळत होते. पेज घेऊन बाहेर आले तेव्हा तो गेलेला होता. हाक मारण्याइतका आवाज त्याच्यात उरला नव्हता. वाटी हातात घेऊन मी त्याच्याशेजारी बसले, आणि मुलगी कामावरून येईपर्यंत कुणाला फोनही केला नाही.